'पारा' कुठं, 'पोर' कुठं?

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एक्सपोर्टचं काम बघते. मेक्सिकोच्या बायरला आता स्पॅनिशमधून मेल करायला लागलेय. जिथं 'साठी' म्हणायचंय तिथं मी सरळ 'पारा' टाकते, पण क्लासचे सर कधी त्याचं 'पोर' करतात तर कधी पुढचं क्रियापदच बदलतात. नेमकं काय धरून चालायचं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, घोळ आपल्या 'साठी'चा आहे, कारण आपण ते सगळीकडं वापरतो. 'हॉटेलसाठी टॉवेल' हे 'तोआयास पारा ओतेल', बरोबरच आहे, पण 'मेलसाठी धन्यवाद' म्हणताना मेल तर येऊन गेलेला असतो, ते धन्यवादाचं कारण झालं, म्हणून तिथं 'ग्रासियास पोर सु कोरेओ'च. हेतू पुढं असतो, कारण मागं असतं, एवढं बघितलं तरी बरेच मेल सुधारतील.

आता क्रियापद का बदलतं ते. काम करणारा आणि हेतू पुरा करणारा एकच असेल तर पारापुढं क्रियापदाचं मूळ रूप येतं. 'टॉवेल रंगवायला आम्हाला दोन आठवडे लागतात', नेसेसितामोस दोस सेमानास पारा तेन्यीर लास तोआयास. आठवडे आम्हालाच लागतात आणि रंगवणारही आम्हीच. पण सॅम्पल तुम्ही पाठवताय आणि क्वालिटी बघणार बायर, म्हणजे माणूस बदलला, तिथं 'पारा के' येतं आणि 'बेर'चं 'बेआ' होतं : एम्बिआमोस ला मुएस्त्रा पारा के उस्तेद बेआ ला कालिदाद. हे रूप लोकांना फार अवघड वाटतं पण मराठी माणसाला वाटायचं कारण नाही, आपण 'तुम्ही बघावं म्हणून सॅम्पल पाठवतोय' म्हणतोच की! मनात 'बघावं म्हणून' आलं की 'पारा के' लिहायचं, मला तर ही खूण व्याकरणाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची वाटते.

येणं-जाणं असेल तर मात्र 'आ' जास्त सहज वाटतं. 'फॅक्टरी बघायला या', बेंगा आ बेर ला फाब्रिका. तिथं पारा चुकीचं नाही, फक्त हेतूवर जोर पडतो.

आणि डिलिव्हरीच्या तारखेला खरंच जपा, तिथं ऑर्डरचा प्रश्न असतो. आपण 'सोमवारपर्यंत माल देतो' म्हणतो आणि 'सोमवारपर्यंत ऑफिस बंद' असंही म्हणतो, शब्द एकच. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'पारा एल लुनेस', म्हणजे सोमवार ही मुदत, आणि दुसऱ्याला 'आस्ता एल लुनेस', म्हणजे तोवर ती स्थिती चालू. मालाच्या तारखेपुढं 'पारा'च लिहा, आणि शेजारी तारीख आकड्यातही टाका.