डिप्लॉयमेंट डायग्राम: उपयोजन की तैनाती?

प्रश्न असा: सॉफ्टवेअरची रचना समजावताना काढतात त्या ‘डिप्लॉयमेंट डायग्राम’ला मराठीत ‘उपयोजन आकृती’ म्हणावे का, आणि तिच्यातल्या ‘नोड’ला, म्हणजे सॉफ्टवेअर जिथे चालते त्या खोक्याला, काय म्हणावे?

‘उपयोजन’ नको. तो शब्द ॲप्लिकेशनसाठी आधीच गुंतला आहे. ‘उपयोजनाची उपयोजन आकृती’ कोण वाचणार? त्याहून खटकते ते हे, की हल्ली चौकटी आणि बाण असलेल्या कुठल्याही चित्राला हे नाव देतात. कोड कुणी तपासला, चाचण्या कधी झाल्या, रिलीज कशी गेली, हा क्रम दाखवणारे चित्र म्हणजे डिप्लॉयमेंट डायग्राम नव्हे. तिने सांगायचे ते एवढेच की कोणती वस्तू कुठे बसवली आहे आणि कोण कोणाशी जोडलेले आहे. यूएमएलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायच्या प्रमाण चिन्हभाषेत, सर्व्हर म्हणजे घनाकृती खोका. त्याच्या पोटात टॉमकॅट (जावा ॲप्लिकेशन चालवणारे सॉफ्टवेअर), टॉमकॅटच्या पोटात तुमची वॉर फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनचे गाठोडे. शेजारच्या खोक्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस, हवा तर मधल्या रेषेवर ५४३२ हा पोर्ट, म्हणजे त्याच्याशी जोडणीचा क्रमांक.

आता शब्द. ‘डिप्लॉय’ इंग्रजीत फ्रेंचमधून आला. मुळाशी लॅटिन ‘प्लिकारे’, म्हणजे घडी घालणे. डिप्लॉय म्हणजे ती घडी उलगडणे, रांगेने चालत आलेले सैन्य रणांगणावर आडवे पसरवणे. या आकृतीत काही उलगडत नाही. सगळे जिथल्या तिथे नेमलेले असते, आणि नेमण्याला आपल्याकडे अधिक नेमका शब्द आहे: तैनात. अरबी ‘ऐन’ म्हणजे डोळा, आणि तीच ती वस्तूसुद्धा. ‘ऐन वेळी’, ‘ऐन दुपारी’ यांतला ऐन तोच. त्यावरून ‘तअयीन’, म्हणजे नक्की ठरवून देणे, आणि त्यावरून आपले तैनात. (आरशाचा ‘ऐना’ यात ओढू नका. तो फारसी, त्याचे घराणेच वेगळे.)

‘तैनात माणसे होतात, फायली नाहीत’ हा भाषातज्ज्ञांचा आक्षेप मला अजिबात पटत नाही. त्यांनी पेशवाईतले तैनातजाबते पाहावेत: सरदाराने किती फौज बाळगायची आणि तिच्या खर्चाला कोणता मुलूख लावून दिला, याच्या त्या याद्या. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहातली तैनाती फौजही तशीच: किमान ६,००० पायदळ, मुक्काम पेशव्यांच्या मुलखात, खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा प्रदेश. कोण, किती, कुठे, कशाच्या बळावर, हे सगळे त्या एका शब्दात येते. आणि सर्व्हर किती, कुठे, कोणत्या मेमरीवर हे दाखवणारी आकृती याहून वेगळे काय सांगते? म्हणून ‘तैनाती आकृती’. कुणी ‘तैनातजाबता’च म्हटले, तर मला अधिक आनंद होईल.

नोडला नोडच म्हणा. ‘संगणक’ चुकीचे ठरेल, कारण यूएमएल २ मध्ये टॉमकॅटसारखे सॉफ्टवेअरसुद्धा नोडच असते.