घरीही नवखी म्हणूनच जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

इतक्या दिवसांनी घरी जायचं तुझं तिकीट निघाल्याचं वाचून फार बरं वाटलं. तुझ्या पत्रात भेटवस्तूंची यादी आहे, कुणाकुणाला भेटायचं त्याचीही आहे. पण तिथं आपल्याला काही वेगळं वाटेल, अशी शंका तुला आलेली दिसत नाही. म्हणून निघण्याआधीच लिहिते आहे.

परदेशात आलीस तेव्हा तू डोळे उघडे ठेवून वावरत होतीस. रांग कुठून सुरू होते, वरिष्ठांना नावानं हाक मारायची की नाही, कुणाच्या घरी न कळवता गेलं तर चालतं का, सगळं बघून बघून शिकलीस. अडलं की 'मी इथं नवी आहे' असं सांगायची सोय होती. घरी जाताना ही सोय नसते. आल्फ्रेड शुट्झ हा समाजशास्त्रज्ञ स्वतः १९३९ मध्ये युरोप सोडून न्यूयॉर्कला आला होता. १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या निमित्तानं, त्यानं घरी परतणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला. परक्या मुलखात जाणाऱ्याला आपल्याला काही ठाऊक नाही हे ठाऊक असतं, परतणाऱ्याला मात्र जुन्या आठवणींवर भागेल असं वाटत असतं, हा त्याचा मुद्दा. तो मला पूर्ण पटतो. घरी ठेच लागते ती या भरवशामुळे.

पहिल्या दिवसांत फरक जाणवेल तो शरीराला. माणसं फार जवळ उभी आहेत किंवा फार लांब, आवाज फार मोठे आहेत किंवा खोली फारच शांत आहे, काउंटरवरचा माणूस उगाच घाई करतोय किंवा हलतच नाही. यातलं काय वाट्याला येईल, हे तू कुठून कुठं जातेस त्यावर आहे. ४२ देशांतल्या लोकांना अनोळखी माणसापासून किती अंतर बरं वाटतं हे विचारून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी अंतर अर्जेंटिनात निघालं, सर्वांत जास्त रुमानियात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांनी तर ३१ देशांतल्या शहरांमध्ये लोक किती भरभर चालतात, टपाल खिडकीवर तिकीट मिळायला किती वेळ लागतो आणि सार्वजनिक घड्याळं किती बरोबर चालतात, हे मोजलं. स्वित्झर्लंड सगळ्यांत वेगवान ठरलं, मेक्सिको सगळ्यांत संथ. हे तुला एवढ्यासाठी सांगते की, जी गोष्ट आपल्याला उद्धटपणा किंवा आळस वाटते, ती पुष्कळदा नुसती सवय असते. आणि आता तुझीही सवय बदलली आहे. तू लहानपणी त्याच गर्दीत किंवा त्याच शांततेत वाढलीस, तेव्हा तुला काही खटकत नव्हतं.

आभाराचं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तिथं मनं दुखावतात. आई पाण्याचा पेला पुढं करेल, तू सवयीनं आभार मानशील, आणि तिचा हात क्षणभर तसाच राहील. तिला तुझं बोलणं परक्यासारखं वाटेल. उलटही होईल. तू भाचीला तासभर अभ्यासात मदत करशील, ती वह्या उचलून निघून जाईल, आणि तुला वाटेल, साधी रीत नाही हिला. पाच खंडांतल्या आठ भाषांमधली घरगुती संभाषणं तपासून २०१८ मध्ये काही भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं की, आपल्या माणसांत छोटी मदत मागितली आणि मिळाली, तर आभार बोलून दाखवण्याचं प्रमाण फार कमी असतं, सरासरी वीस वेळांत एकदाच्या आसपास. बाकीच्या वेळी माणसं मदत घेतात आणि पुढच्या कामाला लागतात. वह्या उचलून गेलेली भाची तुला घरचीच धरते आहे. तिला वळण लावायला जाऊ नकोस. आईशी बोलताना शब्द आवरता आला तर आवर, नाही आवरला तर पेला रिकामा करून तिच्याजवळ बैस.

प्रश्नही विचारले जातील: पगार किती, लग्न कधी, वजन का वाढलं, परत कधी येणार. काही घरांत याच्या बरोबर उलट होतं, कुणी काहीच विचारत नाही आणि आपण तिथं कसे राहतो यात कुणाला रस नाही असं वाटून आत खोल काहीतरी लागतं. मला हे दुसरं जास्त जड वाटतं. पण न विचारण्यामागं बहुतेक वेळा संकोच असतो. तुझ्या तिथल्या दिवसाचं चित्रच त्यांच्या डोळ्यांपुढं नसतं, मग विचारायचं तरी काय? अशा वेळी तू आधी विचार. शेजारी कोण नवीन आलं, दुकान कुणी घेतलं, बाबा हल्ली फिरायला कुठल्या रस्त्यानं जातात. उत्तरं नीट ऐक, ओघात तुझंही बोलणं निघेल.

एक गोष्ट हट्टानं पाळ. 'आमच्याकडे तिथं असं नसतं' हे वाक्य पहिला आठवडाभर तोंडातून काढू नकोस, कौतुकानंही नाही आणि तक्रारीनंही नाही. फरक दिसतील ते वहीत लिही. आठवड्यानं वही उघडलीस की निम्म्या नोंदींची कारणं तुला आपोआप सापडलेली असतील. ज्या उरतील त्या खऱ्या. त्यातलं काही चुकीचं वाटलं, कुणाला कमी लेखलं जातंय असं दिसलं, तर जरूर बोल. परदेशी राहिलो म्हणून बोलायचा हक्क गेला असं मी मुळीच मानत नाही. फक्त जे रोज तिथं राहून त्याच गोष्टीशी झगडताहेत, त्यांना आधी गाठ. त्यांनी आजवर काय काय करून पाहिलंय हे कळल्याशिवाय सल्ला देऊ नकोस.

घरातली तुझी जागाही हललेली असेल. औषधं कुठं असतात, बिलं कोण भरतं, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, हे आता तुझ्या भावाला ठाऊक आहे. तू दोन दिवसांत कपाटं आवरायला घेतलीस तर त्याला ते लागेल, आणि त्याचं बरोबर असेल. त्याला विचार की माझ्यासाठी कुठलं काम ठेवलं आहेस. सांगेल ते कर, कंटाळवाणं असलं तरी.

आणि आई-बाबांकडे बघायची तयारी ठेव. फोनवरच्या चेहऱ्यात जिना चढताना लागणारा दम दिसत नाही. रोज बघणाऱ्याला जे हळूहळू कळतं ते तुला एकदम दिसेल. त्यांच्या देखत दचकू नकोस. संध्याकाळी भावाशी निवांत बोल, तपासण्या झाल्यात का ते विचार, खर्चातला आणि वेळेतला तुझा वाटा काय तो तिथं असतानाच ठरव.

भेटींच्या यादीतली निम्मी नावं खोड. झोपेचं घड्याळ जुळेपर्यंत पहिले काही दिवस जातीलच, आणि उरलेले नातेवाइकांच्या दिवाणखान्यांत संपले तर घरचा साधा दिवस तुला बघायलाच मिळणार नाही. बाबांबरोबर बँकेत जा, आईबरोबर बाजारात जा. रजा वाढवून मिळत असेल तर आत्ताच मागून घे, तिथं पोचल्यावर ते जमत नाही.

तुझी,
मावशी