लग्नापूर्वी आरोग्य विमा घ्यावा, की लग्नानंतर दोघांचा एकत्र?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात राहता, उन्हाळ्यात लग्न ठरले आहे आणि विमा आत्ता घ्यावा की नंतर, असा प्रश्न विचारला आहे. माझे मत आहे की तो आत्ताच, आणि शक्य असल्यास दोघांनीही घ्यावा.

याचे मुख्य कारण प्रतीक्षा कालावधी हे आहे. अपघात वगळता पहिले ३० दिवस सहसा दावा मान्य होत नाही, आधीच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या पॉलिसींतही ही मुदत अनेकदा दोन ते चार वर्षांची असल्याने दिवस गेल्यावर घेतलेला विमा त्या बाळंतपणाला बहुधा उपयोगी पडत नाही. पत्नीचे नाव नंतर जोडल्यास तिची मुदत साधारणपणे त्या दिवसापासून मोजली जाते.

आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून लग्नापूर्वी दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी आणि आजार असल्यास तो अर्जात लिहावा. एजंट घाईने प्रत्येक रकान्यात ‘नाही’ भरतो आणि आपण केवळ सही करतो, असे कृपया होऊ देऊ नका. दावा फेटाळला जातो तो अनेकदा याच कागदावरून. कॅशलेस रुग्णालय, म्हणजे जेथे बिल विमा कंपनी थेट भरते ते, यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर यांपैकी कोठे आहे, हेही आधी पाहावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र ते ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतील रुग्णालयांतच मिळते. तरीही या योजनेसाठी शिधापत्रिका लागते, म्हणून लग्नानंतर पत्नीचे नाव तीत लगेच नोंदवावे.