वर्षभर कंबर दुखतेय, तरी फॅमिली डॉक्टर एमआरआय का सांगत नाहीत?

तपासून धोक्याचं काही आढळलं नसेल, तर त्यांचं बरोबर आहे. चाळिशीनंतर कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली फुगलेली चकती (डिस्क) सर्रास दिसते. रिपोर्ट वाचून माणूस घाबरतो, वाकणं सोडतो आणि दुखणं आणखी मुरतं. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीवर खरा उपचार हालचालीचाच: रोज चालणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. आठवडाभरात फरक पडत नाही, चिकाटी लागते.

डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने घेऊ नका. पोट आणि किडनी दोन्हींवर बेततं, बीपी असेल तर जास्तच.

पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप असेल, वजन घटत असेल किंवा पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग तपासण्या लवकर हव्यात.