बकारू म्हणजे गुराखी का?

विचारणा अशी आहे: अमेरिकेत ओरेगन-नेवाडाच्या वाळवंटी पट्ट्यातल्या गुरं वळणाऱ्या जुन्या घोडेस्वारांना ‘बकारू’ म्हणत. हा शब्द कुठला, आणि मराठीत सरळ ‘गुराखी’ लिहावं का?

शब्द स्पॅनिश ‘वाकेरो’वरून आलेला. ‘वाका’ म्हणजे गाय. स्पॅनिश तोंडी त्या ‘व’चा जवळजवळ ‘ब’च होतो, म्हणून इंग्रजी कानांना बकारू. १८७२ मध्ये पीटर फ्रेंच, पुढे तिथला मोठा रँचर, म्हणजे गुरांच्या विस्तीर्ण कुरणांचा मालक, कॅलिफोर्नियातून गुरं हाकत आग्नेय ओरेगनात आला, तेव्हा सोबत मेक्सिकन वाकेरो होते. त्यांचं सामान आणि त्याची नावं तिथे रुजली. कच्च्या चामड्याच्या वाद्या गुंफून केलेला लांबलचक फासदोर, ‘ला रिआता’, इंग्रजीत ‘लॅरिएट’ झाला. ‘ला’ हे उपपदसुद्धा त्यात गिळलं गेलं. हा दोर खोगिराला पक्का बांधत नसत, कारण बैलाच्या हिसक्याने तो तुटे. खोगिराच्या पुढच्या टोकाला शिंगासारखा खुंट असतो, त्याला नुसते वेढे द्यायचे आणि बेताने सैल सोडायचे. वेढ्यात अंगठा सापडला की गेलाच. लगामाआधी घोड्याला घालायची, तोंडात लोखंडी कडी नसलेली मोरकी ‘हाकिमा’, तिचं ‘हॅकमोर’ झालं. ती तर मुळात अरबी. आपल्याकडे तरी काय, रिकीब अरबी आणि जीन फारसी!

आता ‘गुराखी’. मला तो पटत नाही. आपला गुराखी पायी असतो, सकाळी गावची गुरं नेतो, दिवेलागणीला परत आणतो. तिथे गुरं महिनोन्‌महिने माळावर मोकाट; वासरांना डाग द्यायला आणि विकायला तेवढी घोड्यावरून शोधून, घेरून आणायची. शिवाय बकारूचं खोगीर स्वतःचं, पण घोडे बहुधा रँचचे, म्हणजे कुरणाच्या मालकाचे. आपल्या जुन्या फौजेच्या भाषेत तो शिलेदार नव्हे, बारगीर. अर्थात बारगीर लढाईवर जायचा, म्हणून तोही शब्द इथे बसवू नये. ‘बकारू’च ठेवा, पहिल्या वेळी ‘गुरं वळणारा घोडेस्वार’ एवढं जोडा.

आणि ‘रँचर’ला तर गुराखी मुळीच नको. तो मालक. त्या पीटर फ्रेंचकडे हजारो एकर जमीन होती, आणि १८९७ मध्ये जमिनीच्याच वादातून एका वसाहतकऱ्याने त्याला गोळी घातली. ‘गुराखी’ लिहिलंत, तर वाचक विचारणार, गुराख्याकडे भांडायला जमीन आली कुठून?