घरच्या संगणकासाठी बेताच्या किमतीची एसएसडी : वाचकांचे प्रश्न

सांगली-मिरज परिसरातून आणि तालुक्याच्या गावांतून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत : संगणक रखडतो, खर्चाला मर्यादा आहे, मग कोणती एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसवायची, फिरणारे भाग नसलेली साठवण) घ्यावी? त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरी २०१३ साली घेतलेला संगणक आहे. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय-३, मदरबोर्ड एच-६१, रॅम ४ जीबी आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे लागतात. दुकानदार म्हणतात, नवाच घ्या. एसएसडी बसवून उपयोग होईल का? – एक शिक्षिका, मिरज

होईल, आणि या वयाच्या संगणकावर एवढा फरक पाडणारा दुसरा कोणताही खर्च नाही. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली डिस्कच्या वेगवेगळ्या भागांतून वाचल्या जातात. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कमधील तबकडीला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग माहिती वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद थांबावे लागते. त्यात हेड सरकण्याचा वेळ धरला की एका वाचनामागे बारा-तेरा मिलिसेकंद जातात आणि सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचने होतात. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून लवकर होते. तुमची पाच मिनिटे प्रामुख्याने या थांबण्यात जात आहेत.

एच-६१ मदरबोर्डवर एम-डॉट-टू म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा नसते, त्यामुळे तुम्हाला हार्ड डिस्कसारखीच साटा केबलने जोडायची २.५ इंची एसएसडी घ्यावी लागेल. या चिपसेटचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे आहेत, म्हणून खोक्यावर ५५० एमबी प्रति सेकंद छापलेले असले तरी तुमच्याकडे साधारण त्याच्या निम्माच वेग मिळेल. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण रोजच्या वापरात जाणवतो तो लहान वाचनांचा वेग आणि तो या पोर्टवरही मिळतो. मात्र याच कारणाने महागड्या ड्राइव्हसाठी जादा पैसे मोजू नका. वाचलेल्या पैशात रॅम ८ जीबी करा. रॅम अपुरी पडली की विंडोज सतत डिस्कवर लिहीत राहते. विंडोज नव्याने टाकण्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड ‘एएचसीआय’ आहे ना, हेही पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूने सांगितली पाहिजे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. मुलांचा अभ्यास, ब्राउझर आणि लेखन एवढेच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकून हा संगणक आणखी काही वर्षे उत्तम चालेल. पुढे नवा डेस्कटॉप घेतलात तरी ही साटा एसएसडी त्यात लावता येईल.

प्रश्न : बेदाण्याच्या व्यवहाराचे हिशेब घरच्या संगणकावर ठेवतो. एका दुकानात अनोळखी कंपनीची २५६ जीबी एसएसडी बरीच स्वस्त मिळते आहे; नामांकित कंपनीची ५०० जीबी तिच्या जवळजवळ दुप्पट किमतीला. एसएसडीवर ठरावीक वेळाच लिहिता येते असेही ऐकतो. काय करावे? – एक व्यापारी, तासगाव

किमतीला क्षमतेने भागून एका जीबीचा भाव काढा. तुम्ही सांगता त्या किमती धरल्या तर दोन्हींचा भाव जवळपास सारखाच निघतो, म्हणजे अनोळखी ड्राइव्ह खरे तर स्वस्त नाही, ती फक्त लहान आहे. शिवाय अशा ड्राइव्हमध्ये चिप कोणत्या प्रतीची बसवली आहे, हे खोक्यावरून कळत नाही आणि एकाच नावाखाली पुढच्या मालात ती बदललेलीही असू शकते.

लिहिण्याच्या मर्यादेचे तुम्ही ऐकले ते खरे आहे, पण तिची भीती वाजवीपेक्षा जास्त पसरली आहे. कंपनी ही मर्यादा ‘टीबीडब्ल्यू’ या आकड्याने देते. एकूण किती टेराबाइट लेखनापर्यंत वॉरंटी लागू राहील, हे त्यातून कळते. किंग्स्टनच्या ए४०० मालिकेतील ४८० जीबी ड्राइव्हसाठी हा आकडा १६० आहे. तुम्ही दररोज २० जीबी लिहिले, जे हिशेबाच्या कामात सहसा होत नाही, तरी १६० टेराबाइट व्हायला ८००० दिवस, म्हणजे जवळपास २२ वर्षे लागतील. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या ५०० जीबी ड्राइव्हसाठी आकडा ३०० आणि वॉरंटी ५ वर्षांची आहे. ती चांगली ड्राइव्ह आहे, पण हिशेबासाठी तेवढी आवश्यक नाही.

तुम्ही पाहायला हवे ते वेगळेच. एसएसडीतील चिपच्या टीएलसी प्रकारात माहिती साठवणाऱ्या एका पेशीत ३ बिट साठवतात आणि क्यूएलसी प्रकारात ४, त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिच्यावर लिहिण्याची गती मुळात कमी असते. ही उणीव झाकण्यासाठी ड्राइव्हचा काही भाग वेगवान कॅश, म्हणजे तात्पुरता साठा म्हणून वापरला जातो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्याच ८७० क्यूव्हीओ या १ टीबी क्यूएलसी ड्राइव्हचा लेखनवेग कॅश भरल्यावर ८० एमबी प्रति सेकंदावर येतो, असे कंपनीच स्वतःच्या माहितीपत्रकात नमूद करते. हा वेग बऱ्याच हार्ड डिस्कपेक्षाही कमी आहे. हिशेबाच्या लहान फायलींना याची झळ लागणार नाही. लग्नाच्या चित्रीकरणाच्या शंभर जीबी फायली एकदम उतरवणाऱ्याला मात्र ती नक्की जाणवेल. भावात थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्या. पक्के बिल घ्या, त्यावर सीरियल क्रमांक लिहून घ्या, आणि वॉरंटी दुकानाची आहे की कंपनीची, हे पैसे देण्याआधी विचारा.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू एसएसडी बसवायची आहे. साटा आणि एनव्हीएमई दोन्ही दिसायला सारख्याच असतात, मग ओळखायचे कसे? – एक विद्यार्थी, विटा

साटा ही हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी, एनव्हीएमई ही तिच्याहून वेगवान नवी. ओळखण्यासाठी पट्टीच्या सोनेरी दातांकडे नीट पाहा. बहुतेक साटा पट्ट्यांना दोन खाचा असतात आणि बहुतेक एनव्हीएमई पट्ट्यांना एकच. तरीही केवळ खाचेवर विसंबू नका, कारण पट्टी लॅपटॉपमधल्या जागेत बसली म्हणजे ती चालेलच असे नाही : फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या ठिकाणी साटा पट्टी बसते आणि संगणकाला मात्र दिसत नाही. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रकार आणि लांबी दोन्ही तपासा. ‘२२८०’ म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. काही लॅपटॉपमध्ये ४२ मिमीचीच जागा असते.

दोन्ही चालत असतील तर एनव्हीएमई घ्या. तिच्या स्वस्त पट्ट्यांत, कोणती माहिती कुठे ठेवली याची नोंद सांभाळणारी स्वतंत्र डीरॅम चिप नसली तरी संगणकाच्या रॅममधला थोडासा भाग त्या कामासाठी घेण्याची सोय बहुतेकींत असते. साटामध्ये ती सोय नाही. एनव्हीएमई पट्ट्या पीसीआयई या जोडणीवर चालतात; तिच्या चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीची जोडणी असलेल्या लॅपटॉपमध्ये चालते, फक्त तिसऱ्या पिढीच्या वेगाने.

प्रश्न : ४८० जीबीची एसएसडी घेतली, संगणकात ४४७ जीबीच दिसते. फसवणूक झाली का? – एक वाचक, इस्लामपूर

नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. ४८० चे ४४७ होतात ते या फरकामुळेच. दोन-तीन हजार रुपयांत ‘१६ टीबी’ म्हणून विकली जाणारी बाह्य एसएसडी ही मात्र निखालस फसवणूक असते : तिच्यातील नियंत्रक खोटी क्षमता दाखवतो आणि खरी जागा संपल्यावर लिहिलेली माहिती नष्ट होते.

प्रश्न : आमच्याकडे लाइट वारंवार जाते. त्याने एसएसडी खराब होते का? इन्व्हर्टर आहे. – एक शेतकरी, पलूस

ड्राइव्ह सहसा जळत नाही, पण ऐन लिहिताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि क्वचित ड्राइव्ह ओळखलीच जात नाही. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीत अशा वेळी काही क्षण वीज पुरवणारे कपॅसिटर असतात. घरगुती ड्राइव्हमध्ये तशी पूर्ण सोय नसते. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चे बटण असेल तर ते लावा, कारण साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणाऱ्या क्षणभरातही संगणक बंद पडू शकतो. या मोडला व्होल्टेज मर्यादेत लागते; तुमच्याकडे ते फार उतरत असेल तर इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल आणि त्यापेक्षा संगणकापुरता लहान यूपीएस घेतलेला बरा.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरील संगणक पाण्यात गेला आणि घरातले सर्व फोटो गेले. आता एका एसएसडीवर सगळे भरून ती कपाटात ठेवायचा विचार आहे. – एक गृहिणी, सांगली

तुमचे नुकसान भरून येणारे नाही आणि पुन्हा तसे होऊ नये यासाठीच हा विचार थोडा बदलावा असे सुचवतो. एसएसडीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेने ठरवलेल्या मानकाची अपेक्षा एवढीच आहे की, लेखनाची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरलेल्या ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी. नवी ड्राइव्ह याहून बराच काळ टिकवते, तरीही बंद कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्याचे ते साधन नव्हे आणि आपल्याकडचा उन्हाळाही ३० अंशांवर थांबत नाही.

रोजच्या कामाला एसएसडी आणि जपणुकीला हार्ड डिस्क, अशी विभागणी करा. संगणकातून काढलेली चांगल्या अवस्थेतील जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची अवस्था पाहा आणि पिवळा किंवा लाल इशारा दिसला तर तिच्यावर विसंबू नका. फोटोंच्या दोन प्रती करा. एक घरी, वरच्या मजल्यावर ठेवा. दुसरी नदीकाठापासून दूर राहणाऱ्या नातेवाइकांकडे द्या, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी ती आणून नवे फोटो भरताना जुने उघडतात का, तेही पाहा.