अ‍ॅशने रॅकेट खाली ठेवल्यावर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट वाचलं. खांद्याचं दुसरं ऑपरेशन, 'आता स्पर्धा विसरा' असं डॉक्टरांनी तोंडावर सांगणं, घरच्यांनी लावलेला एमपीएससीचा धोशा आणि त्या टेनिस अकादमीकडून आलेली कोचिंगची ऑफर. एवढं सगळं एकदम अंगावर आलं तर कुणीही गांगरून जाईल. शेवटी तू विचारलंयस, बाविसाव्या वर्षी नव्याने सुरुवात करायची ती कशाची?

धीर द्यायला तुझ्याभोवती पुष्कळ माणसं आहेत. मी तुला अमेरिकन टेनिसपटू आर्थर अ‍ॅशबद्दल सांगणार आहे. यूएस ओपनच्या सगळ्यात मोठ्या स्टेडियमला त्याचं नाव आहे, एवढं तुला ठाऊक आहेच. त्याच्या नावाने फिरणारा, 'जिंकताना मीच का असं विचारलं नाही, मग आजारात का विचारू' असं सांगणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही या दिवसांत तुला कुणी ना कुणी पाठवलाच असेल. आपल्याकडे अ‍ॅश म्हणजे १९७५ ची विम्बल्डन फायनल आणि शेवटचा तो एड्सचा आजार, एवढंच सांगितलं जातं. खेळ सोडल्यापासून मृत्यूपर्यंतची मधली तेरा वर्षं कुणी सांगत नाही, आणि तुझ्या कामाची नेमकी तीच आहेत.

फायनलबद्दल थोडक्यात सांगते. समोर जिमी कॉनर्स, तेव्हाचा जगातला अव्वल खेळाडू. अ‍ॅशला बत्तिसावं वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी. जोरात मारायची सवय असलेल्या अ‍ॅशने त्या दिवशी मुद्दाम वेग काढून घेतलेले, हळुवार, खाली राहणारे बॉल दिले आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा जिंकला. विम्बल्डनचं पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. चारच वर्षांनी, जुलै १९७९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय छत्तीस, सडपातळ अंगकाठी, आणि दुखणं हृदयाचं. डिसेंबरमध्ये बायपास झाली.

यानंतरचं लक्ष देऊन वाच. त्यालाही परत खेळायचं होतं. मार्च १९८० मध्ये तो बायकोबरोबर इजिप्तला गेला होता. कैरोत एक दिवस पळायला बाहेर पडला आणि छातीत पुन्हा कळ आली. बरोबर एक डॉक्टर मित्र होता, त्याने तपासलं आणि लगेच न्यूयॉर्कला परतायला लावलं. पुढच्याच महिन्यात अ‍ॅशने खेळ सोडल्याचं जाहीर केलं. आणखी एक डॉक्टर गाठू, आणखी एक सीझन बघू, असं त्याने केलं नाही.

हे सांगते कारण तुझ्या पत्रात एक ओळ आहे: 'दिल्लीला एक नवीन फिजिओ आलाय म्हणे.' पोरी, खांदा रोजच्या जगण्यासाठी बरा करून घ्यायला दिल्लीलाच काय, कुठेही जा. सर्व्ह परत मिळवायला जाऊ नकोस. बियॉन बोर्ग सव्विसाव्या वर्षी खेळातून बाहेर पडला आणि १९९१ मध्ये जुनी लाकडी रॅकेट घेऊन परत आला. माँटे कार्लोत पहिल्याच मॅचला हरला. पाच वेळा सलग विम्बल्डन जिंकलेला माणूस तो. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं.

खेळ सोडल्यावर अ‍ॅशने आधी पोटापाण्याची सोय लावली. विमा कंपनीत सल्लागार, रॅकेटच्या कंपनीशी करार, टीव्हीवर समालोचन, मायामीच्या एका रिसॉर्टमध्ये टेनिस शिकवणं, वर्तमानपत्रात लेख. यातलं कुठलंच काम त्याने कमी लेखलं नाही आणि कुठल्याही एका कामाला 'हेच माझं आयुष्य' असंही म्हटलं नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. तुमच्या पिढीला सगळे सांगतात की पॅशन शोधा. घरात पैसे येत नसताना पॅशन शोधायला बसलं की माणूस आतून पोखरत जातो, हे मी ग्राउंडवर खूप मुलांच्या बाबतीत पाहिलंय. तेव्हा अकादमीची ऑफर घे. पण सकाळचीच बॅच घे. संध्याकाळ कुणालाही देऊ नकोस, त्यांनी पैसे वाढवून दिले तरीही.

आणि एक लक्षात ठेव, चांगलं खेळता येणं आणि चांगलं शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅश १९८१ मध्ये डेव्हिस कप या देशादेशांमधल्या टेनिस स्पर्धेसाठी अमेरिकेच्या संघाचा कर्णधार झाला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी संघाने कप जिंकला, म्हणजे कागदावर सगळं झकास. पण संघात जॉन मॅकेन्रो होता. पंचांवर ओरडणं, रॅकेट आपटणं हे त्याचं रोजचंच. अ‍ॅश लहानपणापासून उलटा घडलेला. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, जिथे गोऱ्यांच्या कोर्टवर त्याला पाऊल ठेवता येत नव्हतं, तिथे त्याला शिकवलं होतं की शंका असेल तर बॉल आत धर, पंचाशी वाद घालू नकोस, चेहऱ्यावर राग दिसू देऊ नकोस. असा माणूस कर्णधाराच्या खुर्चीत बसून मॅकेन्रोला कसा आवरणार? दोघांची पार हातघाईवर येण्याइतकी खडाजंगी झाली. तरी तो १९८५ पर्यंत त्या खुर्चीत बसला. तुझ्यासमोरही असा एखादा पोरगा येईल, तुझ्या सगळ्या शिस्तीच्या विरुद्ध आणि तुझ्यापेक्षा दुप्पट गुणी. पहिल्या महिन्यातच त्याच्यावरून कोचिंग सोडायचा निर्णय घेऊ नकोस.

आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते.

१९८३ मध्ये मायामीच्या फ्लोरिडा मेमोरियल कॉलेजने अ‍ॅशला एक विषय शिकवायला बोलावलं. समाजातला कृष्णवर्णीय खेळाडू, असा काहीसा विषय. वर्गाची तयारी करायला तो लायब्ररीत गेला आणि बघतो तर काय, मुलांना वाचायला देता येईल असं धड एक पुस्तक नाही! त्याच्या आधी दीडशे-दोनशे वर्षं कृष्णवर्णीय माणसं खेळली होती. घोड्यावर बसून शर्यती जिंकल्या होत्या, बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरली होती, स्वतःच्या बेसबॉल लीग चालवल्या होत्या. कुणी नीट लिहूनच ठेवलेलं नाही.

दुसरा कुणी असता तर चार लेखांच्या झेरॉक्स वाटून मोकळा झाला असता. अ‍ॅशने संशोधन करणारी माणसं पगारावर नेमली. जुन्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांच्या फायली उघडल्या, कॉलेजांना पत्रं लिहून जुन्या संघांच्या याद्या मागवल्या, खेळाडू आणि त्यांचे नातेवाईक शोधून काढले. याच काळात त्याची दुसरी बायपास झाली, तरी काम थांबलं नाही. स्वतःच्या खिशातले सुमारे ३ लाख डॉलर त्यात गेले. १९८८ मध्ये 'अ हार्ड रोड टू ग्लोरी' हा तीन खंडांचा इतिहास छापून आला. पहिला खंड १६१९ पासून सुरू होतो, म्हणजे व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी लोक जहाजातून आणले गेले त्या वर्षापासून. विम्बल्डन जिंकलेल्या माणसाने वयाच्या चाळिशीत धूळ खाणाऱ्या फायलींमध्ये ही वर्षं घातली, आणि मला विचारशील तर त्याचं हे काम त्या फायनलपेक्षा मोठं आहे.

यातलं मला काय महत्त्वाचं वाटतं ते बघ. हे काम त्याला विचार करत बसून सुचलं नाही. तो एक साधा वर्ग घ्यायला गेला, तिथे अडला, आणि जिथे अडला तिथून हलला नाही. त्या अडण्याची तयारीही खूप आधीपासून होती. १९६६ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीतून डिग्री घेतली होती. १९६९ मध्ये, ऐन भरात असताना, शहरातल्या गरीब मुलांना टेनिस मिळावं म्हणून त्याने मित्रांबरोबर एक योजना उभी केली. १९७७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये कृष्णवर्णीय आईवडिलांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं, की पोरांना मैदानात जितका वेळ घालवू देता तितकाच लायब्ररीत घालवायला लावा. बऱ्याच लोकांना ते झोंबलं होतं. म्हणून तुला सांगते, बी.कॉम.चे राहिलेले दोन पेपर या ऑक्टोबरमध्ये देऊन टाक. त्यावर चर्चा नको.

आता तुझ्याकडे वळते. तू बारा-तेरा वर्षांची असल्यापासून प्रॅक्टिस संपली की बाकीच्या पोरी कँटीनला पळायच्या आणि तू गटिंगच्या, म्हणजे रॅकेटला तार ओढायच्या मशीनपाशी जाऊन बसायचीस. आपले मार्करकाका, म्हणजे मेंबरांना खेळवणारे-शिकवणारे क्लबचे नोकर, क्लँपमध्ये तार आवळत बोलत असायचे आणि तू ऐकत असायचीस. बॉल उचलायला आलेला पोरगा मेंबरांनी टाकून दिलेल्या रॅकेटवर कसा शिकला, क्लबातल्या तीन पिढ्यांचे फोरहँड त्याने कसे बसवले, आणि नोकर म्हणून क्लबच्या स्पर्धेत त्याला एकदाही कसं खेळू दिलं नाही. हॉलमधल्या त्या शिसवी पाटीवर सोनेरी अक्षरांत दरवर्षीच्या विजेत्यांची नावं आहेत. त्यातल्या अर्ध्याअधिक जणांना काकांनी घडवलंय आणि त्यांचं नाव कुठेच नाही. एकदा तू मला विचारलं होतंस, 'मॅडम, काकांचं नाव कुठे लिहिलेलं असतं?' मी गप्प राहिले, कारण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, जुना क्लब म्हटला की तिथे एक मार्कर असतोच. कुणी सत्तरीला आलाय, कुणी गेलासुद्धा. त्यांच्या आठवणी कुणी टिपून घेतलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. तूच हे कर असा माझा हट्ट नाही. कदाचित तू यात अडणारच नाहीस, दुसरीकडेच कुठेतरी अडशील. पण तुला खेळाव्यतिरिक्त कशाचं कुतूहल वाटतं ते मी तुझ्या आईवडिलांपेक्षाही जवळून पाहिलंय, म्हणून काकांचं नाव घेतलं.

अ‍ॅश काही फक्त पुस्तकांत रमला नाही. १९७३ मध्ये तो वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळला. तिथल्या काळ्या मुलांनी निदान एक मोकळा काळा माणूस बघावा, अशी त्याची भूमिका होती. त्यावरून त्याला शिव्याही खाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी आपल्या देशाने उलटा निर्णय घेतला. विजय आणि आनंद अमृतराज यांचा संघ डेव्हिस कपच्या फायनलला पोचलेला असताना, समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून भारत खेळलाच नाही आणि कप सोडून दिला. मला स्वतःला आपला निर्णय बरोबर वाटतो. अ‍ॅशही पुढे बहिष्काराच्याच बाजूला आला. जानेवारी १९८५ मध्ये वॉशिंग्टनला दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शनं करताना त्याला अटक झाली. पंचाशी वाद न घालणारा तो मुलगा बेड्या घालून घ्यायला स्वतःहून गेला! खेळाडूपणाची झूल उतरल्यावर काही गोष्टी मोकळेपणी करता येतात, त्या अशा. आता तुलाही निवड समितीची, स्पॉन्सरची, रँकिंगची भीती उरली नाही. मुलींच्या स्पर्धांना बक्षिसाची रक्कम कमी का, असं तू दबक्या आवाजात बोलायचीस. ते आता मोठ्याने बोल.

शेवटचं तुला माहीत आहे. दुसऱ्या बायपासच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली होती. पुस्तक आलं त्याच वर्षी ते उघड झालं. उजवा हात काम करेना म्हणून तपासण्या केल्या, मेंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा कळलं. एका वर्तमानपत्राला सुगावा लागला म्हणून एप्रिल १९९२ मध्ये त्याला ते जगाला सांगावं लागलं. त्यानंतर उरलेल्या दहा महिन्यांत त्याने एड्सविरोधी संस्था काढली, हैतीच्या निर्वासितांसाठी व्हाइट हाउससमोर पुन्हा अटक करवून घेतली, डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत भाषण केलं आणि ब्रुकलिनमध्ये गरीब वस्त्यांच्या आरोग्यासाठी एक संस्था सुरू केली. ६ फेब्रुवारी १९९३ ला तो गेला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. त्याच्या मरणाचं उदाहरण म्हणून मी हे सांगत नाहीये. कॅलेंडर बघ फक्त, किती भरलेलं आहे.

एमपीएससीबद्दल बाबांशी मी बोलेन. परीक्षा वाईट नाही, पण तुझं मन नसताना चार वर्षं त्यात घालवायची नाहीत, एवढं मी त्यांना सांगू शकते. ते माझं ऐकतात.

अकादमीला होकार कळवताना पगार आणि सुट्ट्या लेखी घे. तोंडी बोलण्यावर विसंबू नकोस, या क्षेत्रात ते फार चालतं. खांद्यासाठी बास्केट फीडिंग, म्हणजे टोपलीतले बॉल एकेक करून मुलांना देणं, डाव्या हाताने करायची सवय लाव, लहान मुलांना तेवढं पुरतं. काका सध्या मुलाकडे हडपसरला असतात, दुपारी चारनंतर घरी भेटतात. फोन करून जा. फोनमध्ये रेकॉर्डिंग करणार असशील तर आधी त्यांना विचार, आणि त्यांची मशीनवरची जुनी वही अजून आहे का ते बघ. कुणाच्या रॅकेटला किती पाउंड ताण, ते तारखेनिशी लिहिलेलं असायचं त्यात.

तुझी,
मॅडम